एचआयव्हीचा ‘सी’ उपप्रकार: विषाणूची वंशावळ आणि माणसांची जात

एचआयव्हीबद्दल आपल्याकडे दोन भाषांत बोलले जाते. एक भाषा लाजेची. ती वस्तीत कुजबुजीत चालते आणि ‘त्याला तो आजार आहे’ एवढ्यावर थांबते. दुसरी भाषा दयेची. ती १ डिसेंबरला लाल फीत लावून येते, भाषण करते आणि संध्याकाळी निघून जाते. तिसरी एक भाषा आहे, प्रयोगशाळेची. या विषाणूचे प्रकार किती, ते कोणत्या वाटेने आले, कोणत्या औषधाला कोणता प्रकार दाद देत नाही, हे सगळे त्या भाषेत लिहिलेले असते. ज्यांच्या रक्तावरून ते लिहिले गेले, त्यांच्यापर्यंत मात्र ती भाषा पोहोचत नाही.

आम्ही समाजशास्त्र शिकलेले कार्यकर्ते आहोत, डॉक्टर नाही. तरीही या तिसऱ्या भाषेत आम्ही शिरतो आहोत. कारण तिच्यातून आपल्या चळवळीपुढे एक सरळ प्रश्न उभा राहतो: एचआयव्हीच्या आकडेवारीत जात मोजायची का? मोजायची तर कुठे? आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. जात मोजायची ती उपचाराच्या नोंदवहीत. विषाणूच्या वंशावळीत तिला जागा द्यायची नाही. हे असे का, ते समजण्यासाठी आधी ती वंशावळ समजून घ्यावी लागेल.

एक विषाणू, अनेक शाखा

एचआयव्ही हा एकसंध विषाणू नाही. त्याचे दोन मोठे प्रकार आहेत, एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२. जगभरची साथ प्रामुख्याने एचआयव्ही-१ च्या ‘एम’ गटाची आहे. या गटाला ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत. शिवाय दोन उपप्रकार एकाच शरीरात एकत्र आले तर त्यांची सरमिसळ होऊन नवे, मिश्र विषाणूही तयार होतात.

इतके प्रकार होतात कसे? हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुका करतो आणि त्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्याकडे नाही. उपचार न घेतलेल्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. त्यामुळे चुका साचत जातात आणि पिढ्यान् पिढ्या शाखा फुटत जातात. विषाणूच्या बाहेरच्या आवरणाच्या जनुकात दोन उपप्रकारांमधला फरक २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत जातो. याउलट कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो, मग त्यातला एक ब्राह्मण असो नाहीतर मांग. वंशभेद शोधायचाच असेल तर तो विषाणूत भरपूर सापडेल, माणसात नाही.

या चुकांचा एक उपयोग मात्र होतो. दोन जणांच्या विषाणूंचा जनुकीय क्रम ताडून पाहिला की ते एकमेकांचे जवळचे की दूरचे, हे ठरवता येते. हजारो क्रम एकत्र ठेवले की झाड तयार होते. कोणती फांदी कुठून फुटली आणि अंदाजे कोणत्या दशकात फुटली, हेही काढता येते. हीच विषाणूची वंशावळ. आपल्याकडे वंशावळ लिहिली जायची राजांची आणि जमीनदारांची. ही वंशावळ वाचली की दिसतात मजूर, हमाल, ड्रायव्हर, बाजारात विकल्या गेलेल्या बाया आणि कैदी.

ही वाट बांधली कोणी?

२०१४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा अभ्यास आला. एचआयव्ही-१ च्या ‘एम’ गटाचे मूळ १९२० च्या दशकातील किन्शासा शहरात असावे, असे त्यात जनुकीय क्रमांवरून दाखवले होते. तेव्हा त्या शहराचे नाव लिओपोल्डव्हिल होते आणि देश होता बेल्जियन काँगो. विषाणू तिथून पसरला तो रेल्वेने. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षाला दहा लाखांहून अधिक माणसे त्या शहरातून रेल्वेने ये-जा करत होती. रेल्वे कशासाठी बांधली होती? तांबे आणि हिरे वाहून नेण्यासाठी. विषाणू कटांगाच्या खाणींपर्यंत पोहोचला आणि त्या खाणपट्ट्यातून ‘सी’ उपप्रकार दक्षिण आफ्रिकेच्या दिशेने उतरला.

दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत काय होते? पुरुष मजूर कंत्राटावर आणायचे, एकट्याने बराकीत ठेवायचे आणि बायको-मुलांना गावातच राहायला भाग पाडायचे. वर्णभेदी राजवटीने हे कायद्याने बसवले होते. घर मोडून श्रम विकत घेण्याची ही पद्धत होती. अशा ठिकाणी लैंगिक आजार पसरले तर दोष मजुराच्या चारित्र्याचा, की त्याला बराकीत कोंबणाऱ्याचा?

तिथून ‘सी’ भारतात आला. भारतातल्या ‘सी’ विषाणूंचे क्रम झाडावर मांडले तर ते बहुतांशी एकाच जुडग्यात बसतात आणि ते जुडगे दक्षिण आफ्रिकेकडच्या फांद्यांना जाऊन मिळते. म्हणजे तो इथे मोजक्याच वेळा आला. अभ्यासकांचा अंदाज १९७० च्या दशकाचा आहे. आपल्याला त्याचा पत्ता लागला १९८६ मध्ये. तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले आणि त्यांत एचआयव्ही सापडला. या दोघींच्या जिद्दीबद्दल आदर ठेवूनच आम्ही एक गोष्ट नोंदवतो. ते नमुने घेतले गेले ते सरकारी सुधारगृहात ठेवलेल्या स्त्रियांचे. कोंडलेल्या बाईला ‘नाही’ म्हणायची मोकळीक किती असते, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

एकच देश, वेगवेगळे नकाशे

आज भारतात सापडणाऱ्या एचआयव्हीचा फार मोठा हिस्सा ‘सी’ उपप्रकाराचा आहे. महाराष्ट्रातही तेच. पण अपवाद पाहिले की समाज दिसू लागतो.

पहिला अपवाद ईशान्येचा. मणिपूरमध्ये १९९० च्या सुमारास सुईने हेरॉईन घेणाऱ्या तरुणांत एचआयव्ही वेगाने पसरला. तिथे ‘सी’बरोबर थायलंडकडचा ‘बी’ सापडला आणि दोघांच्या सरमिसळीतून झालेले मिश्र विषाणूही सापडले. मुंबईची साथ आणि इंफाळची साथ एकाच देशात, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. एक शरीरसंबंधातून पसरली, दुसरी म्यानमारच्या सीमेवरून येणाऱ्या अफूच्या व्यापारातून आणि एका सुईवर भागवणाऱ्या बेकारीतून.

दुसरा अपवाद आपल्या अगदी जवळचा आहे. गोवा आणि मुंबई या भागात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच एचआयव्ही-२ सापडला होता. हा मूळचा पश्चिम आफ्रिकेचा विषाणू. गिनी-बिसाऊ ही पोर्तुगालची वसाहत, गोवाही पोर्तुगालची वसाहत. एकाच साम्राज्याच्या जहाजांनी, सैनिकांनी आणि व्यापाराने जोडलेली ही ठिकाणे. साम्राज्य गेले, वाट राहिली.

तिसरा अपवाद पुण्याचा. नव्याने संसर्ग झालेल्या पुण्यातील सहा जणांच्या विषाणूंचे जवळपास संपूर्ण जनुकीय क्रम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पाच ‘सी’ होते आणि एकात ‘ए’ आणि ‘सी’ यांची सरमिसळ होती. म्हणजे वरून एकरंगी दिसणाऱ्या आपल्या साथीतही मिश्रण चालू होते. विषाणूला रोटीबंदी ठाऊक नाही आणि बेटीबंदीही.

या सगळ्यातून निघतो तो मुद्दा असा. उपप्रकारांची विविधता हे त्या भागातल्या लोकांच्या रक्ताचे वर्णन नाही. ते वाटांचे वर्णन आहे: कोण कुठे कामाला गेले, कोणाला कुठे विकले गेले, कोणाला कुठे कोंडले गेले. या वाटा निसर्गाने पाडलेल्या नाहीत. मालकांनी, दलालांनी आणि सरकारांनी पाडल्या आहेत. आपल्या देशात त्या वाटांवर ढकलले जाणारे पहिले पाय कोणाचे असतात, हे जातव्यवस्थेने ठरवून ठेवले आहे. मुरळी आणि जोगतीण म्हणून कोणत्या घरातली पोर सोडली जायची? बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मुंबईत वाघ्या, मुरळी, जोगतिणी आणि देवदासी यांच्या सभेत भाषण केले. त्यांच्याकडे पाठ फिरवून समाजाची इभ्रत वाचवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. ते त्यांच्यासमोर उभे राहून बोलले. आज एचआयव्हीचे नाव निघाले की मान खाली घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी आठवावे.

‘आपलं रक्तच तसं आहे का?’

आमच्या अभ्यासवर्गात एका तरुणाने मोबाईलवर आलेला एक मजकूर वाचून दाखवला. भारतातला एचआयव्ही वेगळा आहे, तो विशिष्ट वस्त्यांमध्ये जास्त आहे, कारण त्या लोकांची ‘जेनेटिक ठेवणच’ तशी आहे, असा त्याचा सूर. मग त्या मुलाने विचारले, ‘दादा, आपलं रक्तच तसं आहे का?’ वर्गात कोणी हसले नाही. असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला, यातच शेकडो वर्षांचा इतिहास आहे.

त्या मजकुराची लबाडी उघड आहे. ‘जनुकीय विविधता’ हा शब्द विषाणूबद्दल होता, तो चोरून माणसावर चिकटवला. उपप्रकार ‘सी’ आहे म्हणजे विषाणूचा क्रम ‘सी’ आहे. ज्याला संसर्ग झाला त्याची जात, त्याचा वंश, त्याची लायकी यांच्याशी त्या अक्षराचा काडीचाही संबंध नाही. डर्बनमधल्या परिचारिकेत, सांगलीतल्या ट्रकचालकात आणि मुंबईतल्या बँक अधिकाऱ्यात हाच ‘सी’ असू शकतो.

अशा वेळी विज्ञानच नाकारायचा मोह होतो. बाबासाहेबांनी तसे केले नाही. १९१६ च्या जातींवरील निबंधात त्यांनी जातीचा गाभा वंशात न शोधता जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात शोधला. पुढे १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये तर त्यांनी वंशवाद्यांचीच हत्यारे हातात घेतली. नाकांची मापे घेऊन जातींची उच्चनीचता ठरवण्याचा तो काळ. बाबासाहेबांनी तीच मापे समोर ठेवली आणि सिद्ध केले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचा वंश एकच ठरतो. आकडे त्यांनी फेकून दिले नाहीत, ते स्वतः वाचले. आपल्याला हाच धडा गिरवायचा आहे. विषाणूचे क्रम प्रस्थापितांच्या प्रयोगशाळेत लिहिले जातात म्हणून ते खोटे होत नाहीत. पण त्यांचा अर्थ लावण्याचा मक्ता आपण कोणाला दिलेला नाही.

अक्षर एक बदलते, आयुष्य बदलते

कोणी विचारेल, उपप्रकार कोणता का असेना, औषध तर एकच ना? बहुतांशी एकच, हे खरे आहे आणि दिलासा देणारेही आहे. पण काही ठिकाणी उपप्रकाराने फरक पडतो आणि तो फरक गरिबालाच जास्त भोवतो.

एक उदाहरण घेऊ. एफाव्हिरेंझ हे औषध आपल्याकडे अनेक वर्षे पहिल्या फळीच्या उपचारात होते. विषाणूच्या एका विकराच्या १०६ क्रमांकाच्या जागी एक ठराविक बदल झाला की हे औषध निकामी ठरते. ‘बी’ उपप्रकारात त्या जागेचे लेखन साधारणतः ‘जीटीए’ असे असते, ‘सी’मध्ये ‘जीटीजी’ असे असते. दोघांचा अर्थ तोच. पण औषधाला चकवण्यासाठी तिथे ‘एटीजी’ व्हावे लागते. ‘बी’ला त्यासाठी दोन अक्षरे बदलावी लागतात, ‘सी’ला एकच. म्हणून हा प्रतिरोध ‘सी’मध्ये सहज येतो.

आता हे प्रयोगशाळेतून काढून उसाच्या फडात आणू. बीड जिल्ह्यातला मजूर दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन कोयत्यावर निघतो आणि पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो. गोळ्या संपल्या तर त्या आणायला जायचे कसे? एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. कोपीत सगळ्यांसमोर गोळी खायची तर चर्चा होते. मग खंड पडतो. एफाव्हिरेंझ शरीरात जास्त दिवस रेंगाळते, जोडीची औषधे आधी उतरतात. म्हणजे काही दिवस विषाणूसमोर एकटे एफाव्हिरेंझ उरते आणि त्याला चकवायला ‘सी’ला एकच अक्षर पुरते. मग नोंदवहीत लिहिले जाते, ‘रुग्ण नियमित औषध घेत नाही.’ मुकादमाची उचल आणि विषाणूचे अक्षर, दोन्ही मिळून औषध निकामी करतात. नोंदवहीत मात्र दोषी एकच.

आता डोल्युटेग्राव्हिरवर आधारित गोळी आली आहे. तिच्याविरुद्ध प्रतिरोध येणे बरेच अवघड आहे, ही खरोखर चांगली गोष्ट. पण आधी एफाव्हिरेंझवर वर्षे काढलेल्यांच्या विषाणूत कोणते बदल साचून राहिले आहेत, हे औषध-प्रतिरोधाची जनुकीय चाचणी केल्याशिवाय कळत नाही. व्हायरल लोड उतरत नाही तेव्हा ती चाचणी किती जिल्ह्यांत, किती दिवसांत, कोणाला मिळते?

एचआयव्ही-२ चेही असेच. नेव्हिरापीन आणि एफाव्हिरेंझ या जातीची औषधे एचआयव्ही-२ वर मुळात चालतच नाहीत. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली ती मुख्यतः नेव्हिरापीनच्या जोडीने. त्या काळात गोव्यातल्या किंवा मुंबईतल्या एचआयव्ही-२ च्या रुग्णाचे निदान नुसते ‘एचआयव्ही’ असे झाले असेल, तर त्याच्या हातात अर्धवट औषध पडले. जिथे विविधता आहे तिथे ती ओळखणे हा उपचाराचाच भाग आहे, संशोधकाची हौस नव्हे.

आणि संशोधनाचे काय? जगातल्या एचआयव्ही बाधितांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये ‘सी’ आहे. ‘बी’ सुमारे १२ टक्क्यांमध्ये. पण सगळे क्रम ज्याच्याशी ताडून पाहतात तो प्रमाण विषाणू ‘बी’चा. सुरुवातीची औषधे पारखली गेली ती ‘बी’वर, कारण ‘बी’ अमेरिकेत आणि युरोपात होता आणि पैसा तिथे होता. आफ्रिकेतल्या काळ्या माणसाचा आणि भारतातल्या मजुराचा विषाणू नंतर आठवला. २००१ मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीने तीन औषधांची जोडगोळी वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तोवर तीच औषधे दहा हजार डॉलरच्या घरात होती. कोणाचा जीव कितीला, हे बाजाराने आधीच लिहून ठेवले होते.

रक्त आमचे, निबंध कोणाचा?

पुण्याच्या त्या सहा क्रमांकडे पुन्हा वळू. त्या निबंधातून विषाणूंची सरमिसळ ओळखण्याचे ‘सिमप्लॉट’ हे संगणकीय साधन पुढे आले आणि जगभरच्या विषाणूशास्त्रज्ञांनी ते वापरले. पुण्यातल्या सहा माणसांच्या रक्ताचा जगाला उपयोग झाला, याचा आम्हाला अभिमानच आहे. आमचा प्रश्न पुढचा आहे. असे रक्त देणाऱ्यांना परत काय मिळते?

आमच्या ओळखीच्या एका ताईंनी एका रुग्णालयात अभ्यासासाठी दोनदा रक्त दिले. संमतीपत्र इंग्रजीत होते. ‘इथे सही करा’ एवढेच मराठी त्यांच्या वाट्याला आले. अभ्यासाचे पुढे काय झाले, त्यांच्या विषाणूत काय सापडले, त्यांच्या औषधात काही बदलायला हवे का, यातले काहीही त्यांना कोणी सांगितले नाही. ‘आपलं रक्त त्यांच्या कामाचं, आपण नाही,’ असे त्या म्हणाल्या.

हे नियमात बसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की संमती समजेल अशा भाषेत घेतली पाहिजे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तोही म्हणतो की बाधित व्यक्तीवर समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय संशोधन करता येणार नाही. माहिती गुप्त ठेवण्याची आणि सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्याने संस्थांवर टाकली आहे.

गुप्ततेवर आमचा एवढा भर का? कारण वंशावळ काढता येते म्हटल्यावर ‘कोणी कोणाला दिला’ हा प्रश्न मागोमाग येतोच. इथे विज्ञानाची मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. दोन जणांचे विषाणू जवळचे आहेत, एवढे क्रम सांगू शकतो. मधे तिसरा कोणी होता का, आधी कोणाला झाला, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. एचआयव्ही विषाणूच्या शोधासाठी नोबेल मिळवणाऱ्या फ्रान्स्वाज बारे-सिनूसी यांच्यासह २० शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये एका जाहीर निवेदनात न्यायालयांना हेच बजावले. आपल्याकडे याचा वापर कोणावर होईल? नवऱ्याच्या घरातून हाकलल्या गेलेल्या बाईवर. देहविक्रय करणाऱ्या स्त्रीवर. तृतीयपंथीयांवर. हातात माहिती आली की आपली व्यवस्था काय करते, हे गोव्याने दाखवलेले आहे. १९८९ मध्ये डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले, त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला आणि कायद्याच्या नावाखाली त्याला ६४ दिवस एकांतात डांबले गेले. रक्त द्यायला गेलेला माणूस गुन्हेगार ठरला.

तरीही हेच शास्त्र निरपराधाची बाजूही घेऊ शकते. लिबियातल्या बेंगाझीच्या एका रुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीचा संसर्ग झाला. आरोप आला बल्गेरियाच्या पाच परिचारिकांवर आणि एका पॅलेस्टिनी डॉक्टरवर. परके, म्हणून सोपे. त्यांना मृत्युदंड सुनावला गेला. २००६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या मुलांच्या विषाणूंचे क्रम तपासून दाखवले की हे लोक १९९८ मध्ये तिथे पोहोचण्याआधीच तो विषाणू त्या रुग्णालयात फिरत होता. २००७ मध्ये ते सुटले. विज्ञान आणि जगभरचा राजकीय दबाव, दोन्ही लागले. शस्त्र तेच असते, ते कोणाच्या हातात आहे आणि कोणत्या प्रश्नासाठी उचलले आहे, याने फरक पडतो.

मग जात कुठे मोजायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण जातनिहाय जनगणना मागतो. जे मोजले जात नाही त्याचा न्याय होत नाही, ही आपली भूमिका आहे. मग विषाणूच्या अभ्यासातही जातीचा रकाना का नको, असे आमचेच काही मित्र विचारतात.

आमचे उत्तर असे. प्रत्येक मोजणीच्या पोटात एक प्रश्न असतो. विषाणूच्या झाडावर जात लिहिली तर तिच्या पोटातला प्रश्न असतो, ‘हा विषाणू कोणत्या जातीचा?’ या प्रश्नाचे खरे उत्तर असूच शकत नाही, कारण विषाणू कामाच्या आणि शरीराच्या वाटांनी जातो, रक्ताने नाही. पण खोटे उत्तर छापून मात्र येईल. उद्या मथळा होईल, परवा मोबाईलवर फिरेल आणि आमच्या वर्गातला मुलगा पुन्हा तोच प्रश्न विचारेल. ज्या समाजाला हजारो वर्षे विटाळ म्हणून दूर ठेवले, त्याच्या नावापुढे एका विषाणूचे अक्षर जोडायची सोय आपण आपल्या हाताने का करून द्यावी? विषाणूच्या अभ्यासात काम लिहा, स्थलांतर लिहा, संसर्गाचा मार्ग लिहा. वाटा तेवढ्याने दिसतात.

उपचाराच्या नोंदवहीत जात लिहिली तर पोटातला प्रश्न बदलतो: ‘सेवा कोणाला उशिरा पोहोचते?’ निदान झाले तेव्हा सीडी४ किती होते? व्हायरल लोड वेळेवर झाला का? प्रतिरोधाची चाचणी मिळाली का? किती जण मधेच सुटले आणि ते कोणत्या हंगामात सुटले? हे प्रश्न विषाणूला विचारायचे नसून आरोग्यव्यवस्थेला विचारायचे आहेत. यांची उत्तरे जातीनुसार लावली, नावगाव काढून एकत्रित आकड्यांत जाहीर केली, तर जे दिसेल ते व्यवस्थेचे चारित्र्य असेल, रुग्णाचे नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३.९४ लाख महाराष्ट्रात होते. राज्यांत सर्वाधिक. या पावणेचार-चार लाखांत सेवा कोणापर्यंत आधी पोहोचली आणि कोणापर्यंत उशिरा, हे जाणून घेण्याचा हक्क आपल्याला आहे.

यावर एक आक्षेप येईल: एचआयव्ही आणि जात दोन्ही एका कागदावर आले तर त्या माणसावर दुहेरी बहिष्कार पडेल. भीती खरी आहे. म्हणूनच जात सांगणे ऐच्छिक असावे, ती केंद्राच्या खिडकीवर मोठ्याने विचारली जाऊ नये आणि जिथे माणसे इतकी कमी आहेत की ओळख पटेल तिथे आकडा जाहीरच करू नये. ही काळजी घेता येत नसेल तर आधी काळजी घेण्याची यंत्रणा उभारा, मोजणी नंतर करा.

कामाला लागू या

तरुण मित्रांनो, १ डिसेंबरला फीत लावा, हरकत नाही. पण आपल्या जिल्ह्यात पुढच्या गोष्टी मागायला सुरुवात करा.

औषध-प्रतिरोधाची जनुकीय चाचणी कोणाला, किती दिवसांत मिळते, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कायद्यात निदान आणि एआरटीची सोय ‘शक्य असेल तितकी’ देण्याची भाषा आहे. या तीन शब्दांआड किती जण लपतात, ते उघड करा.

ऊसतोड हंगामात मजुरांना अनेक महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि फडाजवळच्या केंद्रातून कुठल्याही कटकटीशिवाय औषध मिळावे, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटनांच्या मागण्यांत घाला. मजुरी आणि गोळी हे दोन प्रश्न नाहीत.

रक्त घेणाऱ्या प्रत्येक अभ्यासाचे संमतीपत्र मराठीत मागा. क्रम कुठे साठवला जाईल, कोण पाहील, निष्कर्ष आम्हाला कधी कळेल, हे लिहून घ्या. समजेपर्यंत सही करू नका. नकार दिल्याने उपचार थांबवता येत नाहीत, हे वस्तीतल्या प्रत्येकाला सांगा.

आणि आपल्यातले जे जीवशास्त्र, सांख्यिकी, संगणकशास्त्र शिकत आहेत, त्यांनी या प्रयोगशाळांत शिरावे. विषाणूचे झाड काढणारा हात आपल्या वस्तीतून गेलेला असेल, तर त्या झाडाखाली कोणता मजकूर लिहायचा, यावर आपलेही म्हणणे राहील.

त्या अभ्यासवर्गातल्या मुलाला आम्ही दिलेले उत्तर इथेही लिहून ठेवतो. रक्त कोणाचेच ‘तसे’ नसते. वाटा तशा असतात, त्या माणसांनी बांधल्या आहेत आणि माणसांना त्या मोडता येतात.

जयभीम!